साथीआधी पोचलेली काळजी

आमच्या शाळेच्या खालच्या वर्गांतील मुले २०२० साली अगदी लहान होती. काही तर जन्मलीही नव्हती. वरच्या वर्गांतील मुलांना त्या दिवसांचे आठवते ते तुटक तुटक. मोबाईलवरचा वर्ग, घरी शिवलेला कापडी मास्क, रस्त्यावरची शांतता. कोविडचा विषय निघाला की या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे रोगी नव्हते, तेव्हाच मोठी माणसे एवढी का घाबरली होती? प्रश्न सरळ आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे, म्हणून हा लेख.

आधी तारखा पाहू. भारतातील पहिला रुग्ण केरळमध्ये ३० जानेवारी २०२० रोजी सापडला. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले. १४ मार्चला गोवा सरकारने शाळा, चित्रपटगृहे, कॅसिनो बंद ठेवण्याचा निर्णय सांगितला. २२ मार्चला देशभर जनता संचारबंदी झाली, गोव्यात ती लगेच पुढे वाढवली गेली आणि २४ मार्चच्या रात्री पंतप्रधानांनी २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, गुढीपाडवा होता. गोव्यातील पहिल्या तीन रुग्णांची बातमी आली ती त्या पाडव्याच्या रात्री. तिघेही परदेशातून परतलेले होते. म्हणजे तांदूळ-डाळीसाठी धावपळ, औषधांच्या दुकानांपुढच्या रांगा, सॅनिटायझरचा तुटवडा हे सारे राज्यात एकही रुग्ण नोंदलेला नसताना सुरू झाले होते. काळजी साथीच्या आधी येऊन पोचली होती.

हा निव्वळ घाबरटपणा होता असे आम्हाला वाटत नाही. साखळीचेच उदाहरण घेऊ. बेळगावची भाजी चोर्ला घाट उतरून केरीमार्गे आपल्या बाजूला येते. दूध कर्नाटक आणि महाराष्ट्रातून येते. एका बाजूला दोडामार्गची सीमा, दुसरीकडे पेडण्यात पत्रादेवीची. या सीमांवर गाड्या अडणार हे कळल्याबरोबर घर चालवणाऱ्या बाईने दोन किलोऐवजी पाच किलो कांदे घेतले, तर तिचे चुकले असे कोण म्हणेल? गंमत अशी की एका घरापुरते जे शहाणपणाचे, तेच सगळ्या घरांनी एकदम केले की दुकान रिकामे होते. मग रिकामे फळकुट पाहून ज्याला घाई नव्हती तोही धावतो. टंचाई अशी माणसांच्या धावण्यातूनच तयार होते. कोणी साठेबाज मुद्दाम करायलाच हवा असे नाही.

गोव्यात तर टाळेबंदीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत किराणा-भुसारी दुकानेही बंदच राहिली. माल घरपोच देण्याचा विचार होता, पण इतक्या घरांपर्यंत तो पोचवणार कोण आणि कसा, हे ठरायला वेळ लागत होता. लोकांची तक्रार वाढली तेव्हा साखळीचे आमदार व मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांनी जीवनावश्यक वस्तूंची दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची घोषणा केली. दुकाने उघडल्यावर पहिले काही दिवस मोठ्या रांगा लागल्या आणि मग त्या आपोआप आखडल्या. उद्याही दुकान उघडे असेल याची खात्री झाल्यावर कोणी दहा किलो साखर उचलत नाही. नुस्त्याचे मात्र हाल झाले. मासेमारी थांबलेली, बाजार बंद. ज्या घरात हुमणाशिवाय जेवण होत नाही त्या घराने सुक्या बांगड्यावर आणि खटखट्यावर दिवस काढले. हे हसण्यावारी नेण्यासारखे वाटेल, पण रोजचे जेवण बदलले की संकट खरोखर घरात आल्यासारखे वाटते, हेही खरे.

खायच्या वस्तूंपेक्षा मोठी टंचाई होती ती उत्तरांची. सुरुवातीला गोव्यात कोविडची तपासणी होत नव्हती. संशयिताचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जाई आणि अहवालाची वाट पाहावी लागे. त्या मधल्या वेळात वाड्यावर काय होते हे वेगळे सांगायला नको. 'त्याला नेले' एवढीच बातमी असते. कोठे नेले, कशासाठी, तो कोणाकोणाला भेटला होता, याची उत्तरे नसतात. म्हणून ज्याला जे सुचेल ते तो जोडतो आणि संध्याकाळपर्यंत मोबाईलवर अख्खी गोष्ट तयार होते. मार्चच्या अखेरीस बांबोळीच्या गोमेकॉत तपासणीची सोय झाली. त्यासाठी तेथील डॉक्टरांचे पथक नौदलाच्या विमानाने पुण्याला जाऊन प्रशिक्षण घेऊन आले होते. निकाल जवळ आला, लवकर येऊ लागला, तशी निदान 'अहवाल यायचा आहे' या वाक्याची धास्ती थोडी उतरली. अफवेला राहायला घर लागते आणि ते घर म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला वेळ, असे आम्ही समजतो.

जुन्या काळातही असेच घडले होते आणि त्या गोष्टीत एक गोमंतकीय माणूस आहे. बार्देशातील हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस मुंबईत वैद्यकी करीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रोग्यांना तपासून त्यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले. मुंबईत धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. निदान बरोबर होते, पण ते ऐकून शहर हादरले. लाखो लोक मुंबई सोडून गावोगाव गेले. रोग्यांना ज्या आर्थर रोड रुग्णालयात नेत, तेथून माणूस परत येत नाही अशा वावड्या उठल्या आणि ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने त्या रुग्णालयावर हल्ला केला. आज ते कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. मार्च २०२० मध्ये मुंबईतील कोविडचे पहिले रुग्ण तेथेच ठेवले गेले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

प्लेगच्या बंदोबस्तासाठी इंग्रज सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर रँड याने घरे तपासण्यासाठी गोरे सोल्जर पाठवले. ते देवघरात, स्वयंपाकघरात शिरत, सामान बाहेर फेकत, बायामाणसांना सर्वांसमक्ष तपासत. परिणाम असा झाला की लोक रोग लपवू लागले. आजारी माणसाला माळ्यावर दडवायचे, प्रेत रात्रीच हलवायचे. रोग शोधण्याच्या रीतीनेच रोग शोधणे अवघड करून ठेवले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात शिकतो. पण त्या प्रकरणाची आरोग्याची बाजू वर्गात फारशी सांगितली जात नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितली.

तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा लावला गेला. घरोघर तपासणीही पुन्हा झाली. गोव्यात १३ ते १५ एप्रिल या तीन दिवसांत राज्यभर घरे फिरून कोणाला ताप, खोकला आहे का, कोणी बाहेरून आले आहे का याची माहिती घेण्यात आली. या वेळी दारात आलेल्यांत शिक्षक होते, सरकारी कर्मचारी होते. मतदारयादीच्या कामामुळे वाड्यावाड्यावर ज्यांचे चेहरे ओळखीचे होते अशी माणसे. अंगणात अंतर ठेवून उभे राहायचे, चार प्रश्न विचारायचे, लिहून घ्यायचे आणि पुढच्या घरी जायचे. त्या शिक्षकांच्या घरीही काळजी होतीच. दिवसभर शंभर उंबरठे फिरून आलेला माणूस घरात घ्यायचा म्हणजे साधी गोष्ट नव्हती. तरीही सोल्जरला दिलेले उत्तर आणि गुरुजींना दिलेले उत्तर यांत फरक पडतो. ज्याने आपल्या मुलाला पाढे शिकवले त्याच्यापासून खोकला लपवावासा वाटत नाही.

सगळीकडे मात्र इतके सामोपचाराने झाले नाही. देशात काही ठिकाणी डॉक्टर व परिचारिकांवर हात उगारले गेले, त्यांना भाड्याची घरे सोडायला सांगितले गेले. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून त्याच १८९७ च्या कायद्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करावी लागली.

आता अफवांविषयी. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, ही अफवा फेब्रुवारी-मार्चमध्ये देशभर पसरली आणि कुक्कुटपालन करणारे शेतकरी बुडाले. लसूण खाल्ल्याने रोग टळतो असेही सांगितले जात होते. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेला खुलासा द्यावा लागला. अशा अफवा शिकलेल्या माणसांनीही पुढे पाठवल्या. त्याचे कारण त्यात भीतीइतकाच मायेचाही भाग असतो. मावशी भाच्याला संदेश पाठवते तो त्याचे भले व्हावे म्हणून. खरे-खोटे पाहायला ती थांबत नाही. म्हणून अफवा पाठवणाऱ्याला मूर्ख म्हटले की तो दुखावतो आणि अफवा सोडत नाही.

त्यात तज्ज्ञांचे सांगणेही बदलत गेले. मार्चमध्ये सांगत होते की निरोगी माणसाला मास्कची गरज नाही. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी केलेला मास्क बाहेर जाताना वापरा असे सांगितले आणि पुढे मास्क नसेल तर दंड होऊ लागला. भाजी धुवा, पिशव्या धुवा, वर्तमानपत्राच्या कागदावरून रोग येतो का, अशा विचारांत कित्येक घरांनी पेपर बंद केला. पुढे कळले की हा विषाणू मुख्यतः श्वासातून, बंद आणि गर्दीच्या जागेतील हवेतून पसरतो. वस्तूंवरून पसरण्याचा धोका त्यामानाने फार कमी. लोकांना वाटले, हे आधी फसवत होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. नव्या रोगाविषयी पहिल्या महिन्यात जे सांगितले जाते ते तोपर्यंत जमलेल्या पुराव्यावर असते आणि पुरावा वाढला की उत्तर बदलते. हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगितले असते, तर पुढचा अविश्वास बराच टळला असता असे आमचे मत आहे.

सर्वांत दुखरी बाब म्हणजे माणसांवर पडलेले संशयाचे डोळे. मार्चच्या मध्याला महाराष्ट्र सरकारने घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या हातावर शिक्का मारायला सुरुवात केली. लक्षणे बहुधा पाच-सहा दिवसांत दिसतात, क्वचित चौदा दिवसही लागतात, म्हणून चौदा दिवस घरी थांबायचे. शिक्का ही त्याची आठवण. पाहणाऱ्यांनी मात्र तो गुन्ह्याचा डाग मानला. आपल्याकडे अनेक गावांनी झाडाच्या फांद्या, बांबू टाकून वाटा अडवल्या. जहाजांवरचे गोमंतकीय खलाशी मुंबईच्या बंदरापर्यंत येऊनही घरी पोचू शकत नव्हते आणि त्यांना ठेवायचे कोठे यावरून वाद झाले. वाट अडवणाऱ्यांत दुष्ट कोणी नव्हते. गावात म्हातारी माणसे, जवळ मोठे इस्पितळ नाही, मग करायचे काय, एवढाच त्यांचा विचार. पण दोडामार्ग भागातील माणसे वर्षानुवर्षे औषधपाण्यासाठी गोव्यात येतात, कामाला येतात, आपल्यात त्यांच्या सोयरिकी आहेत. बांबू पडला तो या सोयरिकीवरही पडला.

गोव्यातील पहिले सातही रुग्ण १९ एप्रिलपर्यंत बरे झाले आणि १ मे रोजी दोन्ही जिल्हे हरित क्षेत्र ठरले. मेच्या मध्याला बाहेरून आलेल्यांत पुन्हा रुग्ण सापडले, नेमके दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर. परीक्षा एप्रिलमधून पुढे ढकललेली होती. पालकांत दोन तट पडले. घेऊ नका म्हणणारे आणि वर्ष वाया घालवू नका म्हणणारे. सीमेपलीकडे राहून गोव्यात शिकणाऱ्या मुलांचे काय, हाही प्रश्न होता. अखेर २१ मे ते ६ जून या काळात गोवा शालान्त मंडळाने परीक्षा घेतली. वर्गात थोडी मुले, तोंडाला मास्क, दारात ताप मोजायचे यंत्र.

पुढचा हिशेब उलटा आहे. जून २०२० मध्ये सत्तरीतील मोर्ले गावात साथ पोचली आणि २२ जूनला राज्यातील पहिल्या मृत्यूची नोंद झाली. सात रुग्ण असताना ओस पडलेले रस्ते रुग्ण हजारांत गेले तेव्हा वाहू लागले होते. २०२१ च्या सुरुवातीला मास्क हनुवटीवर आला. आणि एप्रिल-मे २०२१ मध्ये, जेव्हा तपासलेल्या दर दोन नमुन्यांत जवळजवळ एक बाधित निघत होता, तेव्हा खऱ्या धोक्याने गाठले. गोव्याने या साथीत सुमारे चार हजार माणसे गमावली, त्यांतील बरीच त्या दोन महिन्यांत. भीती सर्वांत मोठी होती तेव्हा धोका लहान होता, आणि धोका वाढला तोवर भीती दमली होती.

लसीच्या वेळीही लोकांच्या मनात आधी शंकाच होती. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, कारण दुसऱ्याला सांगण्याआधी ते करणे भाग होते. १६ जानेवारी २०२१ पासून देशात कोविडची लस देणे सुरू झाले, तेव्हा पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. मग वाड्यावर आरोग्य केंद्रातील सिस्टर दिसली की माणसे तिला थांबवून विचारीत, "तुम्ही घेतली का हो? ताप आला का?" तिचे उत्तर ऐकूनच कित्येकांनी आपले नाव नोंदवले.