भिंत दोघांची, रंग कुणाचा?

रो-हाऊसमध्ये राहताना घराच्या बाहेरच्या बदलांवरून होणारी भांडणं टाळायची कशी?

तुमच्या शेजाऱ्याने उद्या सकाळी उठून घराला पोपटी रंग दिला, तर तुम्हाला काही म्हणायचा हक्क आहे का?

स्वतंत्र बंगला असेल, तर नाही. मनातल्या मनात नाक मुरडायचं आणि ऑफिसला निघायचं. पण तुमची आणि त्याची भिंत एकच असेल, गच्ची गच्चीला लागून असेल आणि फाटकाबाहेरचा रस्ता दोघांच्या पैशातून झाडला जात असेल, तर? तर प्रश्न इतका सोपा राहत नाही.

मी बंगळुरूच्या जयनगरमध्ये अशाच एका रांगेत राहते. आठ दुमजली घरं, सगळ्यांच्या भिंती सामाईक, पुढे छोटंसं अंगण. मी भाडेकरू आहे, त्यामुळे मत नाही; पण काम भरपूर आहे. माझे घरमालक काका मूळचे बेळगावचे आणि आमच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. रांगेत कन्नड, तमिळ, तेलुगू, मराठी अशी सगळी माणसं असल्याने नोटिसा इंग्रजीत निघतात. "तू बीए इंग्लिश ना? मग लिही," असं म्हणून काकांनी ते खातं माझ्याकडे दिलं. गेल्या वर्षभरात मी पाण्याच्या टाकीपासून कुत्र्याच्या पट्ट्यापर्यंत सगळ्यावर नोटिसा लिहिल्या. पण सगळ्यात अवघड गेली ती एका उताराबद्दलची.

दोन पायऱ्या आणि एक अर्ज

तीन नंबरच्या अज्जींचं खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्या व्हीलचेअरवर आल्या. घराला फक्त दोन पायऱ्या. पण व्हीलचेअरला दोन काय आणि वीस काय, सारख्याच. मुलाने असोसिएशनकडे अर्ज दिला: पुढच्या बाजूला रॅम्प बांधायचा आहे.

अर्ज साधा वाटतो ना? आता गणित बघा. रॅम्पचा सुरक्षित उतार साधारण १:१२ असा धरतात. म्हणजे एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी हवी. सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या म्हणजे एक फूट. आमच्या अंगणाची खोली आठ फूट. सरळ रॅम्प काढला तर तो चार फूट सामाईक रस्त्यावर येणार.

त्यात सहा नंबरच्या अंकलनी हात वर केला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बाल्कनी काचेने बंद करायची परवानगी मागितली होती आणि समितीने नाही म्हटलं होतं. "तेव्हा दर्शनी भाग एकसारखा राहायला हवा म्हणालात. आता तो बदलला तर चालतो?"

बंगळुरूत राहिलात, तर एक वाक्य तुम्ही रोज ऐकाल: 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि', म्हणजे थोडं अ‍ॅडजस्ट करा. बसमध्ये, रांगेत, पार्किंगमध्ये, सगळीकडे ते चालतं. त्या रविवारच्या सभेतही कुणीतरी ते म्हणालं. अंकल शांतपणे म्हणाले, "प्रत्येक वेळी मीच का?"

सभा तिथेच थांबली. कारण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

एकत्र राहायचे नियम आले कुठून?

ही भांडणं नवी नाहीत आणि ती सोडवायचे प्रयत्नही नवे नाहीत. भारतातली पहिली गृहनिर्माण सहकारी संस्था म्हणून ज्या संस्थेचं नाव घेतात, ती याच शहरात १९०९ मध्ये स्थापन झाली: बंगलोर बिल्डिंग को-ऑपरेटिव्ह सोसायटी. मुंबईत १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. म्हणजे अनोळखी माणसांनी पैसे एकत्र करून घर घ्यायचं आणि मग नियम करून एकमेकांशेजारी राहायचं, याला शंभरहून जास्त वर्षं झाली.

जयनगर हीसुद्धा आखून वसवलेली वस्ती. १९४८ मध्ये सी. राजगोपालाचारींच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. ब्लॉक, मेन, क्रॉस अशा आकड्यांत पत्ते सांगणारं हे जयनगर आजही चालायला सोपं वाटतं, कारण कुणीतरी आधी बसून रेषा आखल्या होत्या.

मुंबईचं ओव्हल मैदान आठवून बघा. समोरच्या आर्ट डेको इमारतींची रांग २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ती रांग डोळ्यांना गोड वाटते, कारण उंची आणि दर्शनी भाग यांना नियम होते. प्रत्येकाने आपल्या मनाने एकेक मजला चढवला असता, तर आज तिथे बघण्यासारखं काय उरलं असतं?

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात १९७० चा आणि कर्नाटकात १९७२ चा अपार्टमेंट मालकीचा कायदा आहे. दोन्हींचा सूर एकच: इमारतीच्या मजबुतीला धोका पोचेल किंवा मालमत्तेची किंमत घटेल असं काम कुणी करायचं नाही, बांधकामात मोठी भर घालायची तर बाकी सगळ्या मालकांची संमती हवी. महाराष्ट्रातल्या बहुतेक सोसायट्या मात्र १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली येतात. तिथल्या आदर्श उपविधींनुसार घरात भर घालण्याआधी किंवा फेरफार करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी लागते.

रो-हाऊसचं थोडं वेगळं असतं. कुठे खालची जमीन मालकाच्या नावावर असते, कुठे सगळ्यांची मिळून. म्हणून भांडायला जाण्याआधी दोन कागद काढा: तुमचं खरेदीखत आणि तुमच्या असोसिएशनचे उपविधी. गच्ची कुणाची, अंगण कुणाचं, बाहेरची भिंत कुणाची, हे त्यात लिहिलेलं असतं. आमच्याकडे आठपैकी पाच घरांनी खरेदीखत उघडूनही पाहिलं नव्हतं!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. असोसिएशनने होकार दिला म्हणून महानगरपालिकेची परवानगी मिळाली असं होत नाही. दोन्ही वेगळ्या आहेत. 'आधी बांधू, मग बघू' हा विचार तर सोडूनच द्या. १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की बेकायदा बांधकाम जुनं झालं किंवा त्यात पैसे अडकले, एवढ्यावरून ते नियमित होत नाही.

तीन टोपल्या

त्या सभेनंतर काकांनी मला बसवलं आणि म्हणाले, "आता नियम नीट लिहू. पण 'नाही' या शब्दाने सुरुवात करायची नाही." आम्ही सगळे बदल तीन टोपल्यांत टाकले. तुमच्या सोसायटीलाही हे उपयोगी पडेल.

पहिली टोपली: विचारायची गरज नाही. दाराचं तोरण, रांगोळी, आकाशकंदील, अंगणातल्या कुंड्या, घराच्या आतला रंग. सणासुदीला असोसिएशनने नाक खुपसू नये. लोकांचा नियमांवरचा राग बऱ्याचदा इथून सुरू होतो.

दुसरी टोपली: कळवा, सात दिवसांत उत्तर मिळेल. एसीचं बाहेरचं युनिट, खिडकीची ग्रिल, कबुतरांची जाळी, सोलर पॅनल. इथे 'लावू का?' यापेक्षा 'कुठे आणि कसं लावू?' हा प्रश्न महत्त्वाचा. एसीचं पाणी शेजारच्या अंगणात पडणार नाही ना? ग्रिलला आतून उघडणारी खिडकी आहे ना? आग लागली तर बाहेर पडायचा तो एकच रस्ता असू शकतो. सोलरला तर अडवण्यापेक्षा मदत करा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं.

तिसरी टोपली: सर्वसाधारण सभेत चर्चा. बाल्कनी बंद करणं, मजला चढवणं, छज्जा वाढवणं, सामाईक भिंतीला हात लावणं, अंगण पूर्ण काँक्रीटचं करणं. इथे इंजिनिअरचा कागद हवाच. रांगेतल्या घरांत एकाने भिंत फोडली की तडा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात दिसतो.

अंगणाचं काय एवढं, असं वाटेल. पण जमीन झाकली की पावसाचं पाणी मुरत नाही, ते शेजाऱ्याच्या पायरीवर येतं. बंगळुरूत २००९ पासून ठरावीक आकाराच्या घरांना पाऊसपाणी साठवण्याची सोय बंधनकारक आहे. जयनगरच्या पाचव्या ब्लॉकमध्ये पाणी मंडळाने यासाठी सर एम. विश्वेश्वरय्या यांच्या नावाचं खास उद्यानही उभारलंय. मुलांना घेऊन जा, सुट्टीतली एक सकाळ छान जाते.

समितीत असाल, तर हे पाळा

- अर्जाचा एकच नमुना ठेवा: काय बदलायचं, कुठे, कोणतं साहित्य, किती दिवस. सोबत फोटो आणि साधं रेखाचित्र.
- उत्तराची मुदत ठरवा. महिनोन्महिने लटकवलेला अर्ज म्हणजे नकारच, फक्त भित्रा.
- नकार द्यायचा तर कारण लिहा. 'समितीचा निर्णय' हे कारण नव्हे.
- बाहेरच्या रंगाचा शेड क्रमांक नोंदवून ठेवा. 'क्रीमसारखा' या शब्दाचे आठ घरांत आठ अर्थ निघतात.
- कामाच्या वेळा आणि राडारोडा उचलायची जबाबदारी आधीच ठरवा.
- नियम लागू होण्याआधी प्रत्येक घराचा समोरून फोटो काढा. जुने बदल कोणते आणि नवे कोणते, यावर पुढे वाद होत नाही.
- समितीतल्या माणसाचा अर्ज असेल, तर त्याने त्या निर्णयातून बाजूला व्हावं.
- दंड उपविधींत असेल तरच आकारा. पाणी किंवा वीज तोडण्याची धमकी कधीच नको.

तुमचं कुणी अमेरिकेत टाउनहाऊसमध्ये राहत असेल, तर तिथल्या असोसिएशनचे किस्से ऐकलेच असतील. दाराचा रंग, पत्रपेटी, हिरवळीची उंची, सगळ्याला नियम. पण तिथेही मर्यादा आहेत. १९९६ पासून तिथला एक केंद्रीय नियम सांगतो की घरमालकाला स्वतःच्या ताब्यातल्या जागेत लहान डिश अँटेना लावायला असोसिएशन बंदी घालू शकत नाही. म्हणजे एकसारखेपणाच्या हट्टालाही कुठेतरी कुंपण लागतं.

मग अज्जींचं काय झालं?

पुढच्या रविवारी पुन्हा सभा भरली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, फिल्टर कॉफी, आणि या वेळी टेबलावर जुनी फाइल. काकांनी सहा नंबरच्या अंकलना दिलेलं दोन वर्षांपूर्वीचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. त्यात एकच ओळ होती: परवानगी देता येत नाही. कारण काहीच नाही.

"हे आमचं चुकलं," काका म्हणाले. "तुम्हाला नाही म्हटलं त्याचं कारण होतं, ते आम्ही लिहिलं नाही." बाल्कनीचा स्लॅब भिंतीबाहेर झुकलेला आहे, त्यावर काच आणि चौकटींचं वजन किती चालेल हे कुणी तपासलं नव्हतं. आता इंजिनिअरला दाखवायचं ठरलं. त्यानेही वजन नको असंच सांगितलं. मात्र पावसाची झड अडवायला गुंडाळता येणारे पडदे चालतील म्हणाला. अंकल पूर्ण खूश झाले नाहीत. काच ती काच, म्हणाले. पण पडदे त्यांनी लावले.

रॅम्पचा मार्गही निघाला. तो सरळ रस्त्यावर काढायच्या ऐवजी घराला समांतर काढला. घराची रुंदी वीस फूट. बारा फूट उतार आणि दाराशी चेअर वळवायला चार फूट सपाट जागा, सगळं अज्जींच्याच अंगणात बसलं. फुलांचा वाफा गेला, तुळस कोपऱ्यात सरकली. दर्शनी भाग बदलला, हे खरंच. पण २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही अशा माणसांना वाजवी सोय मिळावी असंच सांगतो. काच हवीशी वाटणं आणि घराबाहेर पडता न येणं, या दोन गोष्टी एका मापाने मोजायच्या नाहीत, हे सभेने लेखी मान्य केलं. कार्यवृत्त मीच लिहिलं. त्या ठरावाला अनुमोदन कुणी दिलं माहितीये? सहा नंबरच्या अंकलनी.

काम पाच दिवसांत झालं. सहाव्या दिवशी अज्जींच्या मुलाचा ग्रुपवर मेसेज आला: रॅम्पला रंग कोणता देऊ?

काकांनी लगेच शेड क्रमांक पाठवला.

आता संध्याकाळी अज्जी बाहेर येऊन बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतात, चौकशी करतात, आणि कुणाच्या कुंडीतलं पाणी रस्त्यावर आलंय हे काकांच्या आधी त्यांना कळतं. परवा मला म्हणाल्या, पाच नंबरवाल्यांनी एसी लावलाय, अर्ज आलाय का बघ.

मी फाइल उघडली. आला नव्हता!