बोटात दोष नाही, मैत्रिणींनो!

आमच्या गटाच्या मागच्या बैठकीतली गोष्ट सांगते. हप्त्याची नोंद टॅबवर करायची होती. एका मावशींना म्हटलं, "तुमचं नाव तुम्हीच उघडा." त्यांनी तीनदा बोट टेकवलं, पण पडदा काही हलेना. "भाकऱ्या थापून बोटं मेलीत गं माझी," असं म्हणून त्यांनी टॅब शेजारणीच्या मुलाकडे दिला. त्यानं काय दाबलं, किती रक्कम लिहिली, मावशींना कळलं नाही. कर्ज मात्र त्यांच्या नावावर! म्हणून आज टॅबला बोट कसं कळतं ते समजून घेऊ.

टॅबच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणारी बारीक जाळी असते. तिच्यात अगदी थोडी वीज खेळत असते, तिचा झटका बसत नाही. आपल्या अंगात पाणी आणि मीठ असतं, म्हणून बोट टेकलं की त्या जागची वीज थोडी बदलते. तो बदल कुठं झाला, हे टॅब ओळखतो. म्हणजे इथं जोराचं काम नाही. नखातून वीज जात नाही, म्हणून नख चालत नाही. विडी वळून, खुरपं धरून कातडी जाड आणि कोरडी झाली असेल, तर टॅबला बोट नीट कळत नाही. काचेवर पाण्याचे थेंब असले तर तो थेंबालाच बोट समजतो.

सगळे पडदे असेच असतात असंही नाही. २०११ साली सरकारनं विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब आणला. त्याचा पडदा दाबावर चालायचा. नखानंही चालायचा, पण जोर लागायचा. २०१२ साली आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली 'आकाश-२' आला, त्याला विजेच्या जाळीचा पडदा होता. म्हणजे यंत्र कसं बनवलंय त्यावर सगळं अवलंबून. दोष आपल्या हाताचा नाही.

मग करायचं काय? हात पुसून घ्या. बोट फारच कोरडं असेल तर किंचित ओलसर करा. नख नको, बोटाचा मऊ भाग टेकवा. खुणा चारच आहेत. उघडायला एकदा हलकं टेकवा. आणखी पर्याय हवे असतील तर टेकवून धरा. पुढचं बघायला बोट सरकवा, ताटातलं पीठ सारखं करतो तसं. अक्षर मोठं करायला दोन बोटं चिमटीसारखी ठेवून फाकवा. सेटिंगमध्ये भाषा मराठी करता येते, अक्षरही कायमचं मोठं करता येतं.

आता काचेला हात न लावता, हवेतल्या खुणांनी चालणारी यंत्रंही निघालीत. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये म्हैसूरला टेड-इंडिया परिषद झाली. तिथं आयआयटी मुंबईत शिकलेल्या प्रणव मिस्त्री यांनी 'सिक्स्थ सेन्स' नावाचं यंत्र दाखवलं. गळ्यात कॅमेरा आणि चित्र पाडणारा छोटा दिवा, बोटांना रंगीत टोप्या. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली की फोटो निघायचा! असं यंत्र घरोघरी आलं, तर पिठाच्या हातानंही काम होईल.

पण यंत्र कितीही नवं येवो, बोट आपलंच हवं. नाबार्डनं २०१५ साली ई-शक्ती प्रकल्पात गटांचे हिशोब संगणकावर घ्यायला सुरुवात केली, त्यात आपल्या महाराष्ट्रातला धुळे जिल्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत होता. वही हातात होती तेव्हा आपण रक्कम वाचून मगच अंगठा द्यायचो. टॅबवरही तीच शिस्त ठेवू.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपलं नाव आपल्या बोटानं उघडायचं आणि रक्कम मोठ्यानं वाचायची. वाचता येत नसेल तर शेजारणीनं वाचून दाखवायची, पण टॅब तिच्याच मांडीवर राहील. वेळ लागू द्या. त्या मावशींनी परवा हात पुसून पुन्हा बोट टेकवलं आणि नाव उघडलं. रक्कम त्यांनी दोनदा वाचली.