तारेच्या वेल्डिंग यंत्राला कांडी चालेल का?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात, शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी उभे राहिले की जालना रस्ता दोन्ही दिशांना गेलेला दिसतो. पूर्वेकडे गेले की चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत लागते. पश्चिमेकडे महावीर चौक व नगर नाका ओलांडून वाळूजकडे जाता येते. वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे व त्याच्याभोवती सुटे भाग करणारे अनेक लहानमोठे कारखाने उभे राहिले आहेत. आता मोठा रस्ता सोडून शहरातल्या गल्ल्यांत शिरा. तेथे खिडक्यांच्या जाळ्या, फाटके आणि शटरे जोडणारी छोटी दुकाने दिसतील.

लोखंडाला लोखंड जोडण्याचे काम दोन्हीकडे चालते. पण तऱ्हा वेगवेगळी. गल्लीतल्या कारागिराच्या हातात होल्डर असतो व त्यात हातभर लांबीची, लेप दिलेली कांडी, म्हणजेच वेल्डिंगचा रॉड. वाहनांचे सांगाडे जोडणाऱ्या कारखान्यांत मात्र पिस्तुलासारख्या टॉर्चमधून बारीक तार आपोआप बाहेर येत राहते. कारागीर त्याला 'मिग' किंवा 'सीओटू' वेल्डिंग म्हणतात.

अशी तारेची लहान, स्वस्त यंत्रे आता बाजारात सहज मिळतात. मग प्रश्न पडतो की, तार काढून टाकली आणि त्याच यंत्राला होल्डर व कांडी जोडली, तर काम होईल का? वीज तर दोन्हीकडे तीच! पण तसे करून पाहणाऱ्याची कांडी लोखंडाला चिकटून बसते, नाही तर ठिणगी उडते आणि विझते. असे का होते, हे समजून घेतले तर विजेच्या अभ्यासातील एक महत्त्वाची गोष्ट उलगडते.

ठिणगीचा इतिहास

दोन विद्युत-अग्रे एकमेकांना टेकवून किंचित दूर केली की मधल्या फटीतील तापलेल्या वायूतून प्रवाह वाहू लागतो. हीच विद्युत प्रज्योत. तिचे तापमान काही हजार अंश असते व तिच्यात लोखंड मेणासारखे वितळते. १८८१ मध्ये निकोलाय बेनार्डोस यांनी कार्बनच्या कांडीने असे जोडकाम करून दाखवले. १८८८ मध्ये निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. त्यामुळे कांडी स्वतः वितळून सांधा भरू लागली.

परंतु वितळलेल्या लोखंडात हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शिरले की सांधा ठिसूळ होतो. यावर स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी कांडीवर लेप देण्याचा उपाय काढला आणि १९०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. लेप जळून वायूचे आवरण तयार होते आणि सांध्यावर मळीची साय धरते. हातोडीने ठोकून जी पापडी कारागीर काढतो, ती हीच मळी. आपल्याकडे १९५१ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीने (आजची ॲडॉर वेल्डिंग) अशा कांड्या बनवण्यास सुरुवात केली.

तारेची पद्धत नंतरची आहे. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत ती विकसित झाली. लेपाऐवजी तिथे सिलिंडरमधील वायू आवरणाचे काम करतो. १९५३ पासून स्वस्त कार्बन डाय-ऑक्साइड वापरात आला आणि पोलादाच्या कारखान्यांत ही पद्धत झपाट्याने पसरली. काही तारांच्या पोटातच लेपाची भुकटी भरलेली असते. त्यांना सिलिंडर लागत नाही.

स्वतःला सांभाळणारी प्रज्योत

तारेच्या यंत्रात मोटर ठराविक वेगाने तार पुढे ढकलते. ०.८ मि.मी. जाडीच्या तारेला १०० अँपिअर प्रवाह हवा असेल, तर मिनिटाला सुमारे ५ मीटर तार लागते. समजा, कारागिराचा हात खाली गेला आणि प्रज्योतीची लांबी कमी झाली. लांबी घटली की प्रज्योतीवरील विद्युतदाब घटतो. आता यंत्र असे बनवलेले असते की दाब जरा घटला तरी प्रवाह खूप वाढावा. प्रवाह वाढला की तार भराभर वितळते व प्रज्योत पुन्हा पूर्वीच्या लांबीची होते. हात वर गेला तर याच्या उलट घडते. कोणी काही न करता लांबी जागेवर येते.

अशा यंत्राला 'स्थिर दाबाचे यंत्र' म्हणतात. प्रवाह आडव्या अक्षावर व दाब उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर रेषा जवळजवळ आडवी येते. चांगल्या यंत्रात प्रवाह १०० अँपिअरने वाढला तरी दाब २ व्होल्टच्या आसपास उतरतो.

आता या यंत्राला कांडी लावा. कांडी ढकलायला मोटर नाही, माणसाचा हात आहे आणि हात थरथरतोच. समजा, ८५ अँपिअरवर काम चालू आहे व हात हलल्यामुळे दाब २ व्होल्टने घटला. वरच्या हिशेबाने प्रवाह एकदम १८५ अँपिअर होईल. दाब तितकाच वाढला, तर प्रवाह शून्यावर येईल. एकदा पत्रा भोक पडून जळेल, एकदा प्रज्योत विझेल. तारेला जे वरदान, तोच कांडीला शाप ठरतो.

कांडीला उतरती रेषा हवी

कांडीसाठी हात हलला तरी प्रवाह हलू नये. समजा, काम सुरू होण्यापूर्वी यंत्राचा दाब ७० व्होल्ट आहे, आणि कांडी लोखंडाला पूर्ण टेकली तरी प्रवाह १३० अँपिअरच्या वर जात नाही. हे दोन बिंदू सरळ रेषेने जोडा. रेषा तीव्र उतरती येईल. दर अँपिअरला सुमारे अर्धा व्होल्ट. या रेषेवर ८५ अँपिअरला दाब सुमारे २४ व्होल्ट मिळतो आणि कांडीच्या प्रज्योतीला एवढाच दाब लागतो. येथे दाब २ व्होल्टने बदलला तर प्रवाह फक्त सुमारे ४ अँपिअरने बदलतो.

म्हणून आपल्या तारेच्या यंत्रात दोन उणिवा आहेत. एक म्हणजे रेषेला उतार नाही. दुसरी म्हणजे सुरुवातीचा दाबच अपुरा आहे. स्वस्त यंत्रांत तो बहुधा २५ ते ३० व्होल्ट असतो. घरगुती वीज प्रत्यावर्ती, ५० आवर्तनांची. म्हणजे तिचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. प्रत्येक वेळी विझू पाहणारी प्रज्योत पुन्हा पेटवायला दाबाची शिल्लक हवी. २४ व्होल्टची गरज आणि २५ व्होल्टचा साठा, एवढ्या काटकसरीत हा संसार चालत नाही.

शेगडी की चोक?

प्रथम उतार आणू. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मंडलात एक रोध एकसरीत जोडणे. ७० व्होल्टपैकी २४ प्रज्योतीला गेले, उरलेले ४६ रोधाला. ८५ अँपिअरने गुणा: प्रज्योतीत सुमारे २ किलोवॅट आणि रोधात सुमारे ४ किलोवॅट! वेल्डिंगपेक्षा दुप्पट वीज शेगडी तापवण्यात जाईल.

यापेक्षा उत्तम उपाय म्हणजे चोक, म्हणजे लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे वेटोळे. प्रत्यावर्ती प्रवाहाला ते अडवते, पण फारसे तापत नाही. गंमत अशी की, चोकवरील दाब आणि प्रज्योतीवरील दाब यांची साधी बेरीज होत नाही. ते काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखे मिळतात आणि पायथागोरसचे प्रमेय येथे कामाला येते. कर्ण ७० व एक बाजू २४, तर दुसरी बाजू सुमारे ६६. त्याला ८५ ने भागले की चोकचा विरोध सुमारे ०.७८ ओहम येतो. म्हणजेच ५० आवर्तनांना सुमारे २.५ मिलिहेन्रीचे वेटोळे. आता प्रज्योतीवरील दाब २४ चा २२ झाला तर प्रवाहात किती फरक पडतो, हे तुम्हीच काढून पाहा. तो १ अँपिअरही भरत नाही!

मात्र चोक कोठे जोडायचा, हे महत्त्वाचे. यंत्रात एकदिश प्रवाह करणारे डायोड असतील, तर चोक त्यांच्या आधी, प्रत्यावर्ती बाजूला हवा. डायोडनंतर जोडला तर तो प्रवाहातील चढउतार गुळगुळीत करील, पण उतार देणार नाही. कारण स्थिर प्रवाहाला चोकचा विरोध नसतो.

गल्लीतल्या जुन्या वेल्डिंग संचाच्या डोक्यावर फिरवायची मूठ पाहिली आहे का? ती फिरवली की रोहित्राच्या आत लोखंडी गाभ्याचा एक भाग आतबाहेर सरकतो, चुंबकीय बलरेषांचा काही भाग वाट चुकतो व रोहित्र स्वतःच चोकसारखे वागते. मुठीने बदलतो तो हा उतार.

फुकट काही मिळत नाही

आता दुसरी उणीव, अपुरा दाब. रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्याचे वेढे वाढवले की दाब वाढतो. २५ व्होल्टचे ७० करायचे तर वेढे २.८ पट हवेत. पण गाभ्याच्या खिडकीत जागा तेवढीच. म्हणून तार बारीक घ्यावी लागते व तिला पेलणारा प्रवाह त्याच प्रमाणात घटतो.

हाच हिशेब घरच्या प्लगपासून करता येतो. १६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर ३,६८० व्होल्ट-अँपिअर देतो. २५ व्होल्टच्या यंत्रात त्याचे सुमारे १४७ अँपिअर होतात, ७० व्होल्टच्या यंत्रात फक्त ५२. एवढ्यावर २ मि.मी.ची बारीक कांडी चालेल. जाळी-फाटकाच्या कामाची ३.१५ मि.मी.ची कांडी ९० ते १३० अँपिअर मागते. चोक वीज जाळत नाही, पण वायरींमधून प्रवाह मात्र ओढतोच. ७० गुणिले ८५ म्हणजे जवळजवळ ६,००० व्होल्ट-अँपिअर; २३० व्होल्टवर ते २६ अँपिअर झाले. गल्लीतले मोठे संच एका फेजऐवजी दोन फेजवर, म्हणजे सुमारे ४१५ व्होल्टवर का चालवतात, याचे उत्तर येथे आहे.

जाणकार काही आडवाटा वापरतात. दोन सारखी यंत्रे एकाच फेजवर ठेवून त्यांची दुय्यम वेटोळी एकसरीत जोडली तर २५ अधिक २५ असे ५० व्होल्ट मिळतात. टोके उलटी जोडली गेली तर मात्र शून्य! दुसरी वाट धारित्राची. २५ व्होल्ट हा प्रत्यावर्ती दाबाचा परिणामी आकडा. त्याचे शिखर १.४१ पट, म्हणजे ३५ व्होल्ट असते. डायोड व मोठे धारित्र लावले की काम सुरू होण्यापूर्वी हा शिखरदाब साठून राहतो. यामुळे तारेचे कामही सुधारते, पण कांडीला ३५ व्होल्ट तोकडेच पडतात. दाब हवा तितका वाढवता येतो असेही नाही. ओल्या हाताच्या माणसाला धोका नको म्हणून प्रत्यावर्ती यंत्रांत तो ८० व्होल्टच्या आत ठेवतात.

आजचा मार्ग

आजच्या इन्व्हर्टर यंत्रांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे. ती विजेची आवर्तने ५० वरून हजारोंच्या घरात नेतात. आवर्तने वाढली की त्याच दाबासाठी लहान गाभा पुरतो. म्हणून काही किलोचे यंत्र खांद्याला अडकवून नेता येते. रेषा आडवी हवी की उतरती, हे त्यातील इलेक्ट्रॉनिक मंडल ठरवते. काही यंत्रांत तर एक बटण फिरवले की तारेचे यंत्र कांडीचे होते.

मग जुन्या रोहित्राच्या स्वस्त यंत्राचे रूपांतर करावे का? होऊ शकते, पण रोहित्र पुन्हा गुंडाळणे, चोक बनवणे व शेवटी बारीक कांडीवरच समाधान मानणे, हा सौदा पोटापाण्याच्या कामासाठी परवडणारा नाही. तारेचे यंत्र तारेसाठी ठेवून कांडीसाठी छोटे इन्व्हर्टर यंत्र घेणे शहाणपणाचे.

विद्यार्थ्यांनी कोणतेही वेल्डिंग यंत्र उघडू नये. प्लग काढल्यावरही धारित्रात विद्युतभार उरतो व तो जीवघेणा ठरू शकतो. प्रज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. तिच्या अतिनील किरणांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, आणि तीही काही तासांनंतर. त्यामुळे त्या वेळी धोका कळतच नाही.

वर्गात करण्याचा प्रयोग

हेच तत्त्व निर्धोकपणे पाहता येते. टॉर्चचे चार सेल एकसरीत जोडून ६ व्होल्ट घ्या. अर्धा वॅटचे १००, २२० व १,००० ओहमचे रोध आणि एक मिलिअँपिअरमापक मिळवा. १०० व २२० ओहमचे रोध म्हणजे आपली लहान व लांब प्रज्योत समजा.

प्रथम १०० ओहमचा रोध सेलना जोडा: सुमारे ६० मिलिअँपिअर. त्याजागी २२० ओहमचा घ्या: सुमारे २७. प्रवाह निम्म्याहून खाली आला. हे तारेचे यंत्र. आता १,००० ओहमचा रोध एकसरीत ठेवून दोन्ही मोजमापे पुन्हा करा: सुमारे ५.५ व ४.९. आता फरक जेमतेम दहाव्या हिश्शाचा. हे कांडीचे यंत्र. प्रवाह किती घटला तेही नोंदवा. स्थिरतेची किंमत ती हीच.

दोन्ही जोडण्यांचे आलेख एकाच कागदावर काढा आणि पुढच्या वेळी वेल्डिंगच्या दुकानावरून जाताना, ज्योतीकडे न पाहता, यंत्रावरची मूठ कोणत्या बाजूला फिरवली आहे ते कारागिराला विचारा.