केसाने गळा कापणाऱ्यांचे गाणे

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायन आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे लौकिक संगीत यांच्या मिलाफातून १९५०च्या दशकात जी गायनशैली आकाराला आली, तिला ‘सोल’ म्हणतात. मैत्रीच्या बुरख्याआडून होणाऱ्या दग्याफटक्याला या शैलीने दिलेले सर्वांत प्रभावी रूप म्हणजे ‘द ओ’जेज’ या गायकवृंदाचे १९७२ मधील ‘बॅक स्टॅबर्स’ हे गाणे होय.

ओहायो राज्यातील कँटन येथे १९५८ मध्ये एकत्र आलेल्या या वृंदाला मोठ्या यशाने बरीच वर्षे हुलकावणीच दिली होती. केनेथ गॅम्बल आणि लिऑन हफ यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या ‘फिलाडेल्फिया इंटरनॅशनल’ या ध्वनिमुद्रिका-कंपनीत तो आला आणि त्याचे दिवस पालटले. हफ, जीन मॅकफॅडन आणि जॉन व्हाइटहेड यांनी रचलेल्या या गाण्याचे वाद्यसंयोजन, म्हणजे कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवायचे याची आखणी, थॉम बेल यांची आहे. आणि गाण्याचे खरे मर्म या आखणीतच दडलेले आहे. पियानोच्या गडगडाटाने सुरुवात होते, मागोमाग तालवाद्ये आणि गिटार येतात, व्हायोलिनवर्गीय वाद्ये त्यांवर चढत जातात, आणि गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच काहीतरी बिनसले असल्याची चाहूल श्रोत्याला लागते. पुढे शब्द सांगतात ते प्रकरण मात्र अगदी घरगुती आहे: निवेदक घरी नसतानाही त्याचे मित्र वारंवार येत राहतात, तोंडावर गोड बोलतात, आणि त्यांचा डोळा आपल्या स्त्रीवर असावा या संशयाने तो पोखरला जातो. वृंदातील गायक एडी लेव्हर्ट आणि वॉल्टर विल्यम्स हे दोघेही मूळचे भक्तिगायक असल्याने त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा इशाऱ्याचा सूर अधिक आहे. शंका मात्र अखेरपर्यंत फिटत नाही.

याच विषयावरचे ‘स्मायलिंग फेसेस समटाइम्स’ हे गाणे ‘द अनडिस्प्यूटेड ट्रुथ’ या वृंदाने १९७१ मध्ये गाजवले होते, आणि ‘बॅक स्टॅबर्स’मध्ये त्याचा उल्लेखही येतो. कृष्णवर्णीयांच्या संघटनांत सरकारी खबरे पेरले गेल्याचे पुरावे फिलाडेल्फियाजवळच्या मीडिया या गावातील एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेच्या कार्यालयातून पळवलेल्या कागदपत्रांमुळे त्याच वर्षी उजेडात आले होते. त्यामुळे ‘बॅक स्टॅबर्स’चा राजकीय अर्थ लावण्याचा मोह होतो, पण शब्दांत त्याला आधार नाही, आणि श्रोत्यांच्या मनात तो पडसाद उमटला असेल, एवढेच फार तर म्हणता येते.

‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाच्या सोल संगीताच्या यादीत हे गाणे पहिल्या, तर सर्वसाधारण यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्याच नावाच्या अल्बममधील, जगभर सलोखा नांदावा असे आवाहन करणारे ‘लव्ह ट्रेन’ १९७३ मध्ये सर्वसाधारण यादीतही अव्वल ठरले. रचनेच्या कसबात मात्र ‘बॅक स्टॅबर्स’च सरस आहे.