लोखंड, गंधक आणि कोळशाचे तेल

दगडी कोळसा आणि पेट्रोल या दोहोंत मुख्य घटक कार्बन आणि हायड्रोजनच. फरक आहे तो प्रमाणाचा. कोळशात कार्बनच्या शंभर अणूंमागे हायड्रोजनचे साधारण ८० अणू असतात, तर पेट्रोल-डिझेलमध्ये जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त. म्हणजे कोळशापासून तेल करायचे तर त्यात बाहेरून हायड्रोजन घालावा लागतो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश बर्गियस यांनी १९१३ मध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले. कोळशाची पूड जड तेलात कालवायची आणि प्रचंड दाबाखाली, ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे, हायड्रोजनबरोबर तापवायची. त्या उष्णतेने कोळशाचे अवाढव्य रेणू तुटतात. पण तुटलेली टोके अतिशय क्रियाशील असतात. त्यांना क्षणात हायड्रोजन मिळाला तर तेल बनते. नाही मिळाला तर ती एकमेकांना चिकटतात आणि हाती कोकसारखा घट्ट गाळ येतो. प्रक्रियेला मदत म्हणून घातल्या जाणाऱ्या पदार्थांची, म्हणजे रासायनिक पूरकांची, सगळी मदार आहे ती हा क्षण साधण्यावर.

पहिले पूरक म्हणजे हायड्रोजन देणारा द्रावक. टेट्रालिनचा रेणू हायड्रोजनचे चार अणू देऊन टाकतो आणि स्वतः नॅफ्थलीन होतो, डांबराच्या गोळ्यांत असते तेच. त्याला पुन्हा हायड्रोजन देऊन कामाला लावता येते.

दुसरे पूरक म्हणजे उत्प्रेरक. गंधक बहुतेक उत्प्रेरकांना निकामी करतो आणि कोळशात तो असतोच. १९२०च्या दशकात ‘आय. जी. फार्बेन’ या जर्मन रसायन कंपनीतील माथियस पीअर यांनी धातूंची सल्फाइडेच उत्प्रेरक म्हणून वापरून ही अडचण सोडवली. १९२७ मध्ये जर्मनीतील लॉयना येथे या पद्धतीचा कारखाना सुरू झाला. बर्गियस आणि कार्ल बॉश यांना १९३१चे नोबेल मिळाले ते उच्च दाबाच्या रसायनशास्त्रासाठी.

अशा उत्प्रेरकांत मॉलिब्डेनम गुणाने सरस, पण महाग. शिवाय कोळशाच्या राखेत मिसळलेला उत्प्रेरक परत मिळवणे जिकिरीचे. म्हणून वापरून टाकून देता येईल असे लोखंड पुढे आले. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढल्यावर उरणारा लाल चिखलही जर्मनीत यासाठी वापरला गेला. गंधकाशी संयोग होऊन त्यातल्या लोखंडाचे पिरोटाइट हे सल्फाइड बनते आणि ते हायड्रोजनचे काम सुकर करते. चीनच्या ऑर्डोसमध्ये २००८च्या अखेरीस सुरू झालेल्या, वर्षाला सुमारे दहा लाख टन क्षमतेच्या कारखान्यातही लोखंडाचाच उत्प्रेरक आहे. मात्र त्याचे कण अतिसूक्ष्म.

पूरकांमुळे तेलाचा उतारा वाढतो, गाळ घटतो. हायड्रोजन मात्र ती निर्माण करत नाहीत. तो बहुधा कोळशापासून किंवा नैसर्गिक वायूपासूनच काढला जातो आणि तिथे कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. त्यामुळे या तेलाचा पर्यावरणीय हिशोब अखेर हायड्रोजनच्या स्रोतावर ठरतो.