उंची बदलायची की उंचीचं मोजमाप? एअर सस्पेन्शनच्या निमित्ताने

आजचा विषय वाचून काही श्रोत्यांनी आधीच विचारलं की तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत मोटारीचं सस्पेन्शन कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. ज्ञान आणि इच्छा यांतला फरक आपण पुस्तकांत पुष्कळ वाचतो. पण तो फरक पान्याने फिरवून पाहता येईल अशा जागा फार थोड्या. एअर सस्पेन्शनच्या गाडीवर बाजारातून आणलेला उंची-समायोजक, म्हणजे हाइट अ‍ॅडजस्टर, बसवणं ही त्यातली एक जागा आहे. आज आपण आधी काम नीट समजून घेऊ, मग त्याच्या अर्थाकडे वळू. हा क्रम उलटा करून चालत नाही.

साध्या गाडीत चाक आणि बॉडी यांच्यामध्ये पोलादी स्प्रिंग असते. मागे तीन माणसं बसली, डिकीत सामान भरलं, की स्प्रिंग दबते आणि गाडी मागून बसते. एअर सस्पेन्शनमध्ये त्या स्प्रिंगच्या जागी धाग्यांचे थर घातलेल्या रबराची, हवा भरलेली पिशवी असते. वजन वाढलं की कॉम्प्रेसर पिशवीत हवा भरतो, वजन उतरलं की वॉल्व्ह उघडून हवा सोडली जाते, आणि गाडी ठरलेल्या उंचीवर परत येते. उंची आपोआप राखणारी गाडी ही कल्पना नवी नाही. 1955 साली पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएनने डीएस ही गाडी मांडली, ती हेच काम तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन वापरून करत असे. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये 1998 पासून हवेवर चालणारी, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची व्यवस्था आली. 2004 च्या लँड रोव्हर डिस्कव्हरी 3 मध्येही ती आहे, आणि पुढे तिचा उल्लेख पुन्हा येईल.

आता थोडं गणित, घाबरू नका, शाळेतलंच आहे. समजा एका चाकावर 500 किलो भार आहे आणि पिशवीचं परिणामी क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो, साधारण 71 पीएसआय. टायरमध्ये आपण भरतो त्याच्या दुपटीहून थोडा जास्त दाब. आता ही गाडी आपण 3 सेंटिमीटर खाली बसवली, तर दाब किती कमी होईल? बहुतेक जण म्हणतात, 'बराच.' उत्तर आहे, जवळजवळ काहीच नाही. भार तोच, क्षेत्रफळही साधारण तेच, म्हणून दाबही तोच. कमी होते ती हवा, म्हणजे पिशवीतलं आकारमान. हवेचा स्तंभ 20 सेंटिमीटरचा होता तो 17 चा झाला. ही स्प्रिंग सुमारे 18 टक्के कडक होते आणि वर चाकाला उसळायला जागा 3 सेंटिमीटर कमी उरते. गाडी खाली बसवली की ती दणके जास्त देते, त्याचं कारण इथे आहे.

मग गाडीला आपली उंची कळते कशी? बॉडीला एक लहान डबी बसवलेली असते, तो सेन्सर. त्याला एक छोटा हात असतो, हाताला एक दांडी, आणि दांडीचं दुसरं टोक सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेलं. चाक वर-खाली झालं की आर्म हलतो, दांडी हात फिरवते, कोन बदलतो. तो कोन व्होल्टेजच्या रूपात कंट्रोल युनिटकडे जातो. काही गाड्यांत असे तीन सेन्सर असतात, डिस्कव्हरी 3 सारख्या गाड्यांत चार, प्रत्येक चाकाला एक. एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. सेन्सरला रस्ता दिसत नाही. टायरमधली हवा निम्मी झाली, गाडी जमिनीच्या जवळ आली, तरी या सेन्सरला पत्ता लागत नाही, कारण आर्मचा कोन बदललेला नसतो. कोनावरून उंचीचं अनुमान होतं, प्रत्यक्ष नव्हे.

आता समायोजक. उंची बदलण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग दांडीचा. मूळ दांडी काढून कमी-जास्त लांबीची, किंवा आटे फिरवून लांबी बदलता येणारी दांडी बसवायची. दुसरा मार्ग मॉड्यूलचा. सेन्सर आणि कंट्रोल युनिट यांच्या मधल्या वायरिंगवर एक डबी बसते आणि येणाऱ्या व्होल्टेजमध्ये थोडी भर घालून किंवा घट करून पुढे पाठवते. तिसरा मार्ग निदानयंत्र जोडून कंट्रोल युनिटमध्ये साठवलेली ठरलेली उंचीच बदलण्याचा. बाहेरून पाहिलं तर तिन्हींचा परिणाम एकच, गाडी खाली किंवा वर. पण पहिल्या दोन मार्गांत आणि तिसऱ्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याकडे येऊच.

प्रत्यक्ष काम कसं करायचं? सर्वांत आधी टेप. गाडी सपाट जागेवर उभी करून, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं आणि कागदावर लिहायचं. जमिनीपासून मोजू नये, कारण मग टायरमधली हवा हिशेबात घुसते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पुन्हा मोजायचं. एखादा कोपरा स्पष्ट खाली बसला असेल तर कुठेतरी हवा गळते आहे. गळकी पिशवी असलेल्या गाडीवर समायोजक बसवणं म्हणजे ताप असलेल्या माणसाचा थर्मामीटर बदलणं.

मग सुरक्षितता. गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर घेण्याआधी आपोआप उंची राखण्याची व्यवस्था बंद करायची. कशी, ते त्या गाडीच्या पुस्तिकेत असतं. नाहीतर चाकं लोंबकळलेली पाहून कंट्रोल युनिटला वाटतं गाडी फार उंच झाली आणि ते हवा सोडू लागतं. आणि हवेच्या भरवशावर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही, एक मिनिटही, शिरू नये. खाली पक्के स्टँड हवेतच. चाक आणि बॉडी यांच्या फटीत हात घालतानाही हाच नियम.

दांडी बदलताना जुन्या दांडीची दोन्ही बॉल जॉइंटच्या मध्यांमधली लांबी मोजायची, आणि नवी दांडी आधी त्याच लांबीवर ठेवून बसवायची. मग थोडी थोडी बदलायची. इथे एक सापळा आहे. दांडी 1 मिलिमीटर बदलली म्हणजे गाडी 1 मिलिमीटर बदलत नाही. दांडी आर्मवर आतल्या बिजागरीपासून एक तृतीयांश अंतरावर जोडलेली असेल, तर चाक 30 मिलिमीटर हलतं तेव्हा ती जागा 10 मिलिमीटर हलते. म्हणजे 10 मिलिमीटरच्या बदलात गाडी 30 मिलिमीटर सरकते. दिशाही गाडीगणिक वेगळी. डिस्कव्हरी 3 वर आखूड दांडी बसवली की गाडी वर उचलली जाते, दुसऱ्या एखाद्या रचनेत ती खाली बसेल. पाठ करण्यापेक्षा तत्त्व ध्यानात ठेवावं: गाडी खाली न्यायची असेल तर सेन्सरने 'आपण फार उंच आहोत' असं सांगितलं पाहिजे. दोन्ही बाजूंची लांबी जुळवून चेकनट घट्ट करायचे, कारण सैल चेकनट असलेली दांडी रस्त्याच्या हादऱ्यांनी हळूहळू फिरते.

मॉड्यूल असेल तर बॅटरीची तार काढून, कप्लर नीट बसवून, डबी पाणी आणि उष्णतेपासून दूर बांधायची. शेवटी पुन्हा टेप, आणि मग व्हील अलाइनमेंट. गाडी खाली बसली की चाकांचा वरचा भाग आत झुकतो, पुढच्या दिशेचा कोनही बदलतो. अलाइनमेंट न करता गाडी चालवली तर टायर आतल्या कडेने झिजतात, आणि वरून पाहणाऱ्याला ते दिसतही नाही.

इथपर्यंत काम झालं. आता अर्थ.

इंग्लिश तत्त्वज्ञ एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम यांचं 'इन्टेन्शन' हे छोटं पुस्तक 1957 साली आलं. त्यात बाजारच्या यादीचं एक उदाहरण आहे. एक गृहस्थ यादी घेऊन खरेदीला निघतात. त्यांच्या मागे एक गुप्तहेर, तो गृहस्थ काय काय घेतात ते टिपून ठेवतो. शेवटी दोन्ही याद्या शब्दशः सारख्या असू शकतात. पण चूक झाली तर? गृहस्थांच्या पिशवीत यादीपेक्षा वेगळी वस्तू आली तर पिशवी दुरुस्त करायची, यादी नव्हे. हेराच्या यादीत वेगळी वस्तू आली तर यादी दुरुस्त करायची, पिशवी नव्हे. पहिली यादी इच्छेची, दुसरी ज्ञानाची. इच्छेपुढे जगाला वळावं लागतं, ज्ञानाला जगापुढे.

आपल्या गाडीत या दोन्ही याद्या आहेत. कंट्रोल युनिटमध्ये साठवलेली ठरलेली उंची ही गृहस्थांची यादी. सेन्सरकडून येणारा आकडा ही हेराची. मालकाची इच्छा बदलली, गाडी थोडी खाली हवी, तर कोणती यादी बदलायला हवी? उघड आहे, पहिली. तिसरा मार्ग, निदानयंत्राचा, नेमकं हेच करतो. दांडी आणि मॉड्यूल मात्र इच्छेच्या यादीला हात लावत नाहीत, ते हेराची वही बदलतात. नाव 'उंची-समायोजक', पण समायोजन होतं ते मोजमापाचं. कंट्रोल युनिट पूर्वीइतक्याच निष्ठेने जुनीच उंची राखत असतं, अशी त्याची समजूत असते.

(श्रोत्यांमधून प्रश्न : परिणाम तोच असेल तर फरक काय पडतो?)

चांगला प्रश्न आहे. हेराची वही फक्त एकाच्या हातात असती तर फरक पडला नसता. पण तीच वही दुसरेही वाचतात. बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा कल याच आकड्यांवरून ठरतो, धक्के शोषण्याची कडकपणाही. वेग वाढला की काही गाड्या आपणहून खाली सरकतात, 1998 च्या एस-क्लासमध्ये साधारण 15 मिलिमीटर. आपण आधीच 30 नी खाली आणलेली गाडी महामार्गावर 45 नी खाली जाते, आणि गाडीच्या हिशेबी ती फक्त 15 नी खाली असते. खडबडीत रस्त्यासाठी 'उंच' बटण दाबलं तर तीही उंची 30 नी कमीच मिळते. आकड्यावर विसंबणाऱ्या प्रत्येकाला आपण तेवढं फसवलेलं असतं, आणि त्यांतल्या कुणाला ते कळण्याचा मार्ग नसतो.

आपल्या न्यायदर्शनात हा प्रश्न जुना आहे. ज्ञान खरं कशावरून? वात्स्यायनांचं उत्तर प्रवृत्तिसामर्थ्याचं आहे. पाणी समजून पुढे गेलो आणि तहान भागली, तर ते ज्ञान खरं. मृगजळ असेल तर तहान भागत नाही आणि भ्रम उघडा पडतो. आता गाडी पाहा. ती 'मी फार उंच आहे' असं मानते, हवा सोडते, आणि सेन्सर सांगतो, 'आता बरोबर.' प्रवृत्ती सफल झाली! पण सफल झाल्याची बातमीही त्याच सेन्सरने दिली. तहान भागली हे मृगजळानेच सांगितल्यासारखं. म्हणून तपासणी बाहेरच्या प्रमाणाने व्हावी लागते, आणि इथे ते प्रमाण म्हणजे आपला टेप. कामाच्या आरंभी आणि शेवटी टेप का, ते आता कळेल.

यातून व्यवहाराचा निष्कर्ष निघतो. ठरलेली उंची अधिकृतपणे बदलण्याची सोय त्या गाडीत असेल, तर तोच मार्ग घ्यावा, आणि तिथेही मर्यादेत. नसेल, आणि मोजमापच सरकवायचं असेल, तर त्यावर विसंबणाऱ्या सर्वांचा हिशेब चुकता करावा. हेडलाइटचा झोत भिंतीवर पाडून तपासावा. अलाइनमेंट करावी. वेगात आणि पूर्ण भार असताना चाक मडगार्डला लागत नाही ना, ते पाहावं. आणि गाडीत लेखी नोंद ठेवावी: कोणत्या चाकाला किती फरक, कोणत्या तारखेला.

ही शेवटची गोष्ट लोक टाळतात. समजा नोंद नाही, आणि पुढच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने मॉड्यूल जागेवर असतानाच गाडीचं कॅलिब्रेशन नव्याने केलं. गाडी मूळ उंचीवर आली, सगळं ठीक दिसलं. वर्षभराने तिसऱ्याच कुणी मॉड्यूल काढलं, तर गाडी 30 मिलिमीटर वर उचलली जाईल आणि कारण कुणालाच सापडणार नाही. गाडी विकली असेल तर हे ओझं घेणाऱ्याच्या माथी.

कायद्याचंही सांगायला हवं. भारतात मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52, आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निर्णय असं सांगतात की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. तेव्हा डबी विकत घेण्याआधी आरटीओमध्ये आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावं. जे श्रोते जर्मनीत आहेत त्यांना तिथे असे बदल तपासून कागदपत्रांत नोंदवून घ्यावे लागतात, हे माहीतच असेल. ती नोंद म्हणजे हेराच्या वहीत काय बदललं ते सर्वांसमोर सांगणंच आहे.

पुढच्या व्याख्यानात आपण हाच प्रश्न माणसाकडे वळवू: इच्छा बदलणं अवघड वाटतं म्हणून आपण समजूतच बदलून घेतो, त्याला काय म्हणायचं? तोपर्यंत ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी एकदा टेप घेऊन चारही चाकं मोजावीत, आणि आकडे लिहून आणावेत.