नवजात बाळाची ऊब जाते कुठे?

आईच्या पोटात बाळ ३७ अंश सेल्सिअसहून किंचित जास्त उबेत वाढते. जन्मल्याबरोबर ते येते २५-२६ अंशांच्या खोलीत, तेही ओल्या अंगाने. मोठ्यांना सुखद वाटणारी ही हवा बाळासाठी अकरा-बारा अंशांनी गार असते. काळजी घेतली नाही, तर पहिल्या १० ते २० मिनिटांतच त्याच्या अंगाचे तापमान २ ते ४ अंशांनी उतरू शकते. हे फक्त थंडीतच घडते असे नाही. भर मे महिन्यात पंख्याखाली किंवा कूलरसमोर ठेवलेले बाळही गार पडते.

नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश असायला हवे. ते त्याखाली गेले की शरीर ऊब राखण्यासाठी साखर आणि प्राणवायू जास्त वेगाने खर्च करू लागते. रक्तातली साखर घटते, बाळ मलूल होते, अंगावर ओढेनासे होते. दूध पोटात गेले नाही की ऊब तयार करायला इंधन उरत नाही, आणि बाळ आणखी गार पडते. कमी वजनाच्या बाळात हे चक्र वेळीच तोडले नाही, तर ते जिवावर बेतते.

उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. बाळाच्या अंगातून ती चार वाटांनी निघून जाते.

पहिली वाट बाष्पीभवनाची. पाणी वाळताना ज्या अंगावर असेल त्या अंगाची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी वाळायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. या हिशेबाने ओल्या अंगावरचे १० ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे पाणी केवळ बाळाच्या उबेवर वाळले, तर ३ किलोच्या बाळाचे तापमान सुमारे २ अंशांनी उतरवायला तेवढे पुरेसे आहे. म्हणून जन्मल्याबरोबर बाळाला कोरडे करणे हे पहिले काम. पुसलेला ओला कपडा लगेच बाजूला टाकून दुसऱ्या कोरड्या कपड्यात घ्यायचे. पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ लगेच ‘स्वच्छ’ दिसावे ही घाई महागात पडते.

दुसरी वाट वहनाची, म्हणजे स्पर्शातून. एकाच खोलीत ठेवलेले स्टीलचे ताट आणि गोधडी यांचे तापमान सारखेच असते. तरी ताट गार लागते, कारण धातू हातातली उष्णता झटकन ओढून घेतो. वजनकाट्याच्या उघड्या पत्र्यावर ठेवलेल्या बाळाचे नेमके हेच होते. पत्र्यावर कापड अंथरले की हा तोटा टळतो.

तिसरी वाट अभिसरणाची. अंगालगतची तापलेली हवा वाऱ्याने निघून जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. दोन पातळ कपडे एका जाड कपड्यापेक्षा उबदार ठरतात ते यामुळेच. त्यांच्यामध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही.

चौथी वाट प्रारणाची, आणि ती सर्वांत फसवी. स्पर्श नसताना, वारा नसतानाही उघडे अंग समोरच्या गार भिंतीकडे किंवा खिडकीच्या काचेकडे उष्णता सोडत राहते. खोली उबदार असली तरी पाळणा बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवू नये, तो यासाठी.

मोठ्या माणसालाही या चारही वाटा लागू आहेत, पण बाळाचे गणित वेगळे आहे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांच्या जवळजवळ तिप्पट असते. डोके शरीराच्या मानाने मोठे, म्हणून टोपडे ही केवळ हौस नव्हे. बाळाला मोठ्यांसारखे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. मान, पाठ आणि मूत्रपिंडांभोवती साठलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब मिळवते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे हा साठाही तुटपुंजा असतो.

यावरचा सर्वांत चांगला उपाय सर्वांत साधा आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली इन्क्युबेटर अपुरे पडत असताना डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. हीच ‘कांगारू मातृसेवा’. आईच्या छातीशी बाळ असले की स्पर्शातून ऊब जाण्याऐवजी मिळते, वारा लागत नाही आणि भिंत समोर येत नाही. शिवाय दोघांचे तापमान सारखे झाले की उष्णतेचा ओघ थांबतो, त्यामुळे बाळ भाजण्याची भीती नाही. गरम पाण्याची पिशवी किंवा बाटली मात्र बाळापेक्षा कितीतरी गरम असते. तिने नाजूक त्वचा भाजते. बंद खोलीतल्या शेगडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो बाळासह बाळंतिणीलाही घातक.

भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू मातृसेवा दिल्यावर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. अशा बाळांना रोज किमान ८ तास, जमेल तितके जास्त, छातीशी ठेवावे. आई थकली तर वडील, आजी किंवा मावशीही हे काम करू शकतात.

घरी तपासणी सोपी आहे. हाताच्या मागच्या बाजूने बाळाचे पोट आणि तळपाय चाचपावेत. दोन्ही उबदार असतील तर काळजी नाही. पोट उबदार पण पाय गार असतील, तर बाळाला लगेच छातीशी घेऊन वर पांघरूण घालावे आणि अंगावर पाजावे. पोट आणि पाय दोन्ही गार असतील, किंवा बाळ ओढत नसेल, तर वाट पाहू नये. आशाताईंना कळवावे आणि बाळाला छातीशी धरूनच दवाखाना गाठावा. रस्त्यातही ऊब टिकवायला हीच सर्वांत खात्रीची जागा आहे.